आजोळचं पाणी आणि गावचा दगड

माझं गाव साक्री तालुक्यात, जिल्हा धुळे. आजोळ रावेर तालुक्यात, जिल्हा जळगाव. दोन्ही खानदेशच. दोन्हीकडं मे महिन्यात सारखाच भाजून निघतो माणूस. पण लहानपणी सुट्टी लागली की आम्हा भावंडांची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची, आधी कुठं जायचं? मतदान घेतलं असतं तर आजोळ दरवेळी बहुमतानं निवडून आलं असतं. मामाकडं केळीचे मळे होते, मोटर सुरू केली की हौदात धो धो पाणी पडायचं, आणि दुपारभर त्या हौदातून आम्हाला बाहेर काढायला मामीला काठी घेऊन यावं लागायचं. गावी मात्र सकाळी उठून पहिलं काम म्हणजे टँकर कधी येणार याची चौकशी.

एकदा मी काकांना विचारलं होतं, मामाकडं पाणी आहे आणि आपल्याकडं का नाही? काका बिडी विझवत म्हणाले, "आठे खाले पानी नही शे, निस्ता दगड शे." मामीला विचारलं तर ती म्हणाली, ज्याचं त्याचं नशीब. मला तेव्हा मामीचं उत्तर जास्त पटलं होतं. आज सांगतो, काकांचं उत्तर शास्त्रीयदृष्ट्या जवळजवळ अचूक होतं. का ते सांगायला हा लेख.

निमित्त झालं काकांच्या फोनचं. बोअर मारायचा आहे, थोडे पैसे पाठव. चौथा बोअर. आधीचे तीन फेल. आता तुम्हीच सांगा, ऑफिसात एखादा जॉब तीनदा फेल झाला आणि कुणी म्हणालं की चौथ्यांदा तसाच रन करून बघू, तर आपण काय म्हणतो? आधी लॉग बघ! काकांना हे असं सांगता येत नाही, म्हणून पंधरा दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. मी इंजिनियर असलो तरी कॉम्प्युटरचा, दगडाशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या सिव्हिलच्या पेपरपुरताच. त्यामुळं कुणी जाणकार वाचत असेल तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट समजली ती ही की जमीन म्हणजे खरोखरच एक लॉग फाइल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. आपल्या डोळ्यांसमोर ज्वालामुखी म्हटलं की शंकूच्या आकाराचा, धूर सोडणारा डोंगर येतो. तसं नव्हतं. लांबच लांब भेगांमधून लाव्हा उतू जाणाऱ्या दुधासारखा पसरला, थिजला, पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला असं आता मानतात. पाच लाख चौरस किलोमीटर इतका भाग आजही त्यानं झाकलेला आहे. खालचा थर जुना, वरचा नवा. सगळ्या नोंदी खालून वर क्रमानं. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल पट्टा दिसतो. चाळीसगावहून कन्नडच्या घाटानं किंवा कुठल्याही घाटरस्त्यानं जाताना कापलेल्या कड्याकडं बघत राहा. जुन्या थराच्या वरच्या भागाची झीज होऊन तिथं माती तयार व्हायला लागली होती आणि मग नवा लाव्हा तिच्यावरून गेला. म्हणजे तो लाल पट्टा ही दोन उद्रेकांमधली सुट्टी. खेळातल्यासारखी पाच-दहा मिनिटांची नाही, माती तयार होण्याइतकी लांब.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी धक्कादायक होती. डोंगर म्हणजे वर आलेली जमीन, अशी माझी इतकी वर्षं समजूत. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्यात शिरताना लळिंगचा किल्ला लागतो, त्याच्या आसपास सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. त्या टेकड्या वर आलेल्या नाहीत. त्या उरलेल्या आहेत! सगळा मुलूखच कधीकाळी त्या उंचीला किंवा त्याच्याही वर होता. मधला दगड पाऊस आणि नद्यांनी कोटी-कोटी वर्षं खरवडून नेला. घर पाडल्यावर एखादा खांब उभा राहावा तशा त्या टेकड्या उभ्या आहेत.

आता गावाकडं येतो. धुळ्याहून साक्रीकडं निघालं की दोन्ही बाजूंना काळ्या दगडांच्या सरळ रांगा दिसायला लागतात. शेताच्या मधूनच, एखाद्या पडक्या तटबंदीसारख्या. कुठं पुरुषभर उंच, कुठं चांगली टेकडीच. एका टेकडीवर संपली असं वाटतं तर पुढच्या गावात पुन्हा त्याच रेषेत वर आलेली. आजी सांगायची, पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतली होती, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. भूशास्त्रात हिला डाइक म्हणतात. लाव्हा ज्या भेगेतून वर आला त्या भेगेतच शेवटचा माल थिजून राहिला, ती ही उभी भिंत. आजूबाजूचा ठिसूळ दगड झिजला आणि ही टणक, म्हणून उघडी पडली.

इथं लॉग वाचायचा दुसरा नियम लागतो. जो दगड दुसऱ्याला कापून जातो तो नंतरचा. सोपं आहे, भिंतीत नळ टाकायला खाच पाडली असेल तर आधी भिंत होती हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. पण या एका नियमावर केवढं काही उलगडता येतं! रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक या भूशास्त्रज्ञांनी २००७ साली नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरमध्ये त्यांनी एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० डाइकांची नोंद केली. सगळ्यात लांब डाइक ७९ किलोमीटरची. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. आणि जवळजवळ सगळ्या उभ्या, जवळजवळ सगळ्या पूर्व-पश्चिम.

हे शेवटचं वाक्य मी आधी नुसतंच वाचून पुढं गेलो होतो. रात्री झोपताना डोक्यात आलं, सगळ्या पूर्व-पश्चिमच का? पोळी दोन्ही हातांनी ओढली तर ती कुठल्या बाजूनं फाटते? ओढण्याच्या दिशेला आडवी. म्हणजे भेगा पूर्व-पश्चिम पडल्या याचा अर्थ त्या काळात इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताणाची दिशा, मोजायला तेव्हा कुणीही नसताना, आज माझ्या काकांच्या वावरात दगडात लिहून ठेवलेली आहे. त्याच अभ्यासात असंही म्हटलंय की यातल्या मोठ्या डाइकांनी हजार घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त लाव्हा काही तासांत ते काही दिवसांत बाहेर ओतला असू शकतो. ज्या रांगेच्या सावलीत बसून आम्ही कैऱ्या खायचो तिच्यातून!

असो. आता आजोळ. तिथं ही काळी रांग नाही, काळा दगडच दिसत नाही. मामानं पूर्वी ट्यूबवेल घेतली तेव्हा मी तिथंच होतो. मशीनवाले दर दहा फुटांना वर आलेल्या मातीची एक ढिगली ओळीत मांडून ठेवायचे. पिवळी चिकणमाती, मग रेती, मग पुन्हा चिकणमाती, मग गोटे. आम्ही ते गोटे खेळायला घेतले, कारण ते छान गोल होते. शेकडो फूट गेले तरी काळा पाषाण लागला नाही आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. गोल गोटा म्हणजे नदीनं घासत आणलेला गोटा, हे आता कळतं. जमिनीखाली शेकडो फुटांवर नदीतला गोटा काय करतो?

याचं उत्तर तापीत आहे. शाळेत आपण पाठ केलेलं असतं, गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला वाहतात, नर्मदा आणि तापी पश्चिमेला. 'कारणे द्या'मध्ये दोन मार्कांना यायचं. पठार पूर्वेकडं उतरतं, म्हणून बाकीच्या नद्या तिकडं जातात. तापीला मात्र वेगळी वाट मिळाली, कारण उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधला पट्टा खचलेला आहे. बैतूलजवळच्या मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर जाणारी ही नदी त्या घळीतून चाललीय. रावेर-यावलहून उत्तरेकडं बघा, सातपुडा हळूहळू चढत जात नाही, मैदान संपतं आणि समोर भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या पायथ्याशी जमिनीतला मोठा तडा आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, आमची दर वर्षी एक ट्रिप तिथं असायची. ते पाणी खोलवर जाऊन तापून अशाच तड्यांमधून वर येतं. आणि हे सगळं जुनं, संपलेलं प्रकरण आहे असंही नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहापेक्षा जास्त रिश्टरचा भूकंप झाला होता. १९९७ साली जबलपूरला झाला तोही याच नर्मदेच्या लांबलचक कमकुवत पट्ट्यात.

तर एका बाजूला खचत जाणारी जमीन, दुसऱ्या बाजूला उंच सातपुडा. पावसाळ्यात सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरावरून धावत यायच्या आणि पायथ्याशी आल्यावर एकदम सपाटी. धावणाऱ्या माणसाच्या हातातलं ओझं थांबल्यावर पडावं तसं झालं. मोठे गोटे पायथ्याशीच पडले, रेती थोडी पुढं गेली, चिकणमाती सगळ्यात लांब, तापीच्या जवळ. जमीन खचत गेली, खड्डा भरत गेला. मामाच्या अंगणातल्या त्या मातीच्या ढिगल्या म्हणजे हा हिशोब होता, प्रत्येक ढिगली हजारो वर्षांची. डोंगर झिजून तयार झालेली ती माती, तिच्यातल्या रेती-गोट्यांच्या पोकळीत साठलेलं पाणी, त्या पाण्यावर केळी. धुळ्यात वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस, जळगावात सातशेच्या आसपास. आकाशानं फारसा भेदभाव केलेला नाही. फरक खाली आहे.

हा गाळ साठत असतानाच्या काळात माणूसही इथं पोचला होता. चाळीसगावजवळ अजिंठ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. तिथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ साळी यांनी उत्खनन केलं. मातीच्या थरांत दगडी हत्यारं मिळाली आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, नक्षी कोरलेला कवचाचा तुकडासुद्धा. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. जळगाव जिल्ह्यात शहामृग! मला आधी वाटलं कुणीतरी बाहेरून आणलं असेल. पण २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशात सापडलेल्या अशाच जुन्या कवचांमधला डीएनए तपासला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जवळचा निघाला. म्हणजे हा पक्षी भारतात राहत होता. शहामृग मोकळ्या, कोरड्या, गवताळ रानातला पक्षी. तेव्हाचं जग हिमयुगात होतं. आज जिथं उसाला आणि केळीला पाणी द्यायचं म्हणून रात्री-बेरात्री मोटर सुरू करायला जावं लागतं, त्या भागात कधीतरी शहामृग पळत होते.

मामाकडं परत येऊ, कारण तिथली गोष्ट आता तितकी गोड राहिलेली नाही. मी लहान होतो तेव्हाची विहीर आज कचरा टाकायला वापरतात. तिच्यानंतर ट्यूबवेल, ती आटल्यावर दुसरी, आणखी खोल. ठिबक आहे, तरीही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात 'अतिशोषित' म्हणून नोंदले गेलेत, म्हणजे वर्षभरात जेवढं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं जातं. पायथ्याचा गोट्यांचा पट्टा पाणी झटकन पितो, डोंगरातले ओढे तिथं येऊन जिरून जातात, तोच खरा या तिजोरीचा दरवाजा. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, त्यामागची कल्पना हीच आहे, तापीचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला न्यायचं आणि तिथं जिरवायचं. कल्पना मला आवडली, कारण ती जमिनीचा लॉग वाचून केलेली आहे. पण कालवे कधी होतील ते होवोत, तोपर्यंत उपसा कमी करायचं कुणीच बोलत नाही. मामासुद्धा नाही. त्याला मी बोललो तर तो म्हणतो, मी बंद केली तर शेजारी ओढून घेईल. आणि ते खोटंही नाही, खालची रेती कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

आता काकांचा बोअर. धुळ्याकडं खाली तिजोरी नाही, थिजलेला लाव्हा आहे. वर थोडी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्यात एकेकाळी वायूच्या बुडबुड्यांची भोकं होती, पण त्यात नंतर पांढरे खडे भरले गेले, आम्ही लहानपणी गोळा करायचो ते. म्हणजे पाण्याला जागा फक्त झिजलेल्या भागात आणि भेगांत. काकांनी तीनही बोअर रस्त्याच्या कडेला मारले होते, कारण मशीनची गाडी तिथपर्यंत सहज येते. पाणाड्यानं नारळही नेमका तिथंच उभा केला होता हा योगायोग.

वाचता वाचता मला रेमंड दुरैस्वामी यांचा २००५ सालचा एक अभ्यास मिळाला, आणि तो चक्क साक्री तालुक्यातल्या डाइकांवर होता. मुद्दा असा की कोरड्या भागात या भिंती पाण्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाच्या असतात. अखंड, टणक डाइक जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी उताराचं पाणी अडवते. आणि भेगाळलेली, झिजलेली डाइक स्वतःच पाणी धरून ठेवते. मी उपग्रहाच्या नकाशावर आमचं शिवार उघडलं. रांग स्पष्ट दिसते, फूटपट्टीनं मारल्यासारखी. आणि पणजोबांची जुनी विहीर, जी गाळानं निम्मी भरलीय आणि जिच्यात आम्हाला डोकवायला बंदी होती, ती रांगेपासून पंचवीस-तीस पावलांवर, चढाच्या बाजूला. गावातल्या आणखी तीन जुन्या विहिरी बघितल्या. तिन्ही त्याच रांगेच्या कडेला, तिन्ही चढाकडून. पणजोबा शाळेत गेले नव्हते. त्यांनी कुठला अभ्यास वाचला होता?

लाँग वीकेंडला एका ओळखीच्या निवृत्त भूशास्त्रज्ञांना घेऊन गावी गेलो. ते तासभर हातोडी घेऊन रांगेच्या बाजूनं फिरले, चहा घेतला आणि काकांना म्हणाले, बोअरचे पैसे वाचवा, विहीर उपसा. उन्हाळ्यात गाळ काढला, बारा फूट खोल केली आणि तळातून रांगेच्या दिशेनं दोन आडवे बोअर मारले. खर्च नव्या बोअरच्या जवळपास निम्मा आला. चमत्कार वगैरे काही झाला नाही, आधीच सांगून ठेवतो. पूर्वी संक्रांतीला तळ दिसायचा, यंदा शिमग्यापर्यंत पाणी पुरलं. हरभरा निघाला. गुरांचं भागलं. त्यापुढं पुन्हा टँकर.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्या शिवारापासून दोन किलोमीटरवर त्याच रांगेवर खडी मशीन सुरू झालंय. डाइकचा दगड टणक, रस्त्याला उत्तम. तिथं आता टेकडीच्या जागी खड्डा आहे. जमिनीखाली भिंतीचा बुडखा राहीलही, पण वरचं टोक गेल्यावर नवी विहीर कुठं घ्यायची हे पुढच्या माणसाला कशावरून कळणार? म्हणून मी आख्ख्या तालुक्यातल्या दिसतील तेवढ्या रांगा नकाशावर लाल रेघांनी काढल्या आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या. काकांनी अंगठा दाखवला. थोड्या वेळानं मामाचा मेसेज आला, आमच्याकडची पण रेघ काढून पाठव.

मी फोन केला. म्हटलं, "मामा, तुमच्याकडं रेघ नाही. तुमच्याकडं गाळ आहे."

"मग गाळात किती उरलंय ते सांग," मामा म्हणाला. मागं मशीनचा आवाज येत होता. त्या दिवशी ते मोटर आणखी दोन पाइप खाली सोडत होते.